इंग्रजी शब्दांतील नकार



इंग्रजी शब्दांच्या आरंभीं येणारीं कांहीं लहान लहान अक्षरें नेहमीं तुमच्या दृष्टीस पडतात. 'हॅपी' म्हणजे सुखी. त्याच्या आधीं 'अन्' लावला कीं 'अन्हॅपी', म्हणजे दुःखी. 'पॉसिबल' म्हणजे शक्य, 'इम्पॉसिबल' म्हणजे अशक्य. 'ऑनेस्ट' म्हणजे प्रामाणिक, 'डिसऑनेस्ट' म्हणजे अप्रामाणिक. ह्या अक्षरांस नकारार्थी उपसर्ग म्हणतात. त्यांची यादी पाठ होते, विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नास दोनचार गुण मिळतात, आणि उपसर्ग म्हणजे 'नाहीं', एवढीच समजूत मनांत राहते.

परंतु 'नाहीं' हें एकाच प्रकारचें असतें काय? स्वयंपाकघरांतलें उदाहरण घ्या. डब्यांत साखर नाहीं, हा एक नकार. डब्यांत पांढरें कांहीं आहे, पण ती साखर नव्हे, मीठ आहे, हा दुसरा. साखरच आहे, पण ओलसर झालेली, वाईट आहे, हा तिसरा. साखर होती, पण सांडली, हा चौथा. चारहि वेळां चहा बिघडतो; पण चारहि वेळां करावयाचा उपाय निराळा! इंग्रजी उपसर्गांचेंहि असेंच आहे. ते निरनिराळे आहेत, कारण नकारच निरनिराळे आहेत. म्हणून असा शब्द पुढें आला म्हणजे 'हा नकार आहे काय?' एवढें विचारून थांबूं नये. 'हा कोणता नकार आहे?' असें विचारावें. प्रस्तुत लेखांत सांगावयाचें तें इतकेंच आहे.

एका कुळांतील भावंडें

आरंभींच एक आनंदाची गोष्ट सांगतों. हे उपसर्ग आपणांस परके नाहींत. १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें बोलतांना सर विल्यम जोन्स यांनीं असें प्रतिपादिलें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषांतील साम्य इतकें दाट आहे कीं त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात. पुढील अभ्यासकांनीं हें मत दृढ केलें. त्या साम्याचा एक सुंदर पुरावा ह्या नकारांत सांपडतो. संस्कृतांतील 'अ' किंवा 'अन्', ग्रीकांतील 'अ' किंवा 'अन्', लॅटिनांतील 'इन्' आणि इंग्रजीचा स्वतःचा 'अन्' हीं सर्व एकाच मुळाचीं रूपें आहेत.

संस्कृतांत पुढें व्यंजन असेल तर 'अ' येतो, स्वर असेल तर 'अन्' येतो: अज्ञान, अधर्म, पण अनादि, अनंत. ग्रीक भाषेचा नियम अक्षरशः हाच आहे. म्हणून तिच्याकडून इंग्रजींत आलेल्या 'एथीइस्ट', म्हणजे निरीश्वरवादी, ह्या शब्दांत नुसता 'अ' आहे. आणि 'अ‍ॅनार्की', म्हणजे अराजक, किंवा 'अ‍ॅनीमिया', म्हणजे रक्तक्षय, ह्यांत 'अन्' आहे.

आणखी एक गंमत पाहा. 'ज्ञा' हा आपला धातु, आणि 'नो', म्हणजे जाणणें, हें इंग्रजी क्रियापद हीं एकाच मुळाचीं आहेत. 'नो' लिहितांना आरंभीं जो न उच्चारला जाणारा 'के' येतो, तो 'ज्ञ' मधील पहिल्या व्यंजनाचाच भाऊबंद आहे. आतां आपला 'अज्ञात', इंग्रजीचा 'अन्नोन', लॅटिनाकडून आलेला 'इग्नोरंट' आणि थॉमस हक्सले यांनीं १८६९ सालीं ग्रीकावरून बनविलेला 'अ‍ॅग्नॉस्टिक' हे चार शब्द शेजारीं ठेवा. चारहि ठिकाणीं उपसर्ग तोच आणि धातुहि तोच. वेष मात्र चार देशांचे!

रूपाचे नियम

मग इंग्रजींत 'अन्' आणि 'इन्' असे दोन उपसर्ग कां? 'अन्' हा इंग्रजीचा घरचा आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्द, आणि त्यांच्या मागून लॅटिन शब्द, मोठ्या संख्येनें त्या भाषेंत शिरले, ते आपला 'इन्' बरोबर घेऊन आले. घरच्या शब्दांस बहुधा 'अन्' आणि पाहुण्या शब्दांस 'इन्', असा स्थूल नियम सांगतां येईल. पण पाहुणे घरांत रुळले म्हणजे भांडीं एकमेकांत मिसळतात, तसें येथेंहि झालें आहे. असमर्थ ह्या अर्थी 'अनेबल' म्हणावयाचें. पण असमर्थता म्हणजे 'इनॅबिलिटी'. अन्यायी तो 'अन्जस्ट', पण अन्याय तो 'इन्जस्टिस'. असमान तें 'अनईक्वल', पण असमानता ती 'इनइक्वॉलिटी'. विशेषणास 'अन्' व नामास 'इन्' अशा ह्या जोड्या पाठच कराव्या लागतात.

'इन्' मधील 'न्' मोठा लवचिक आहे. पुढें ओष्ठ्य वर्ण आला कीं तो 'म्' होतो: 'इम्पॉसिबल', 'इम्मॉरल'. पुढें 'ल्' असेल तर 'ल्' होतो: 'इल्लीगल'. पुढें 'र्' असेल तर 'र्' होतो: 'इर्रेग्युलर'. ज्यांनीं तत् आणि लीन मिळून तल्लीन होतें, उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, हें शिकलें आहे त्यांस ह्यांत नवल वाटूं नये. ही संधीच आहे. घरचा 'अन्' मात्र कोणापुढेंहि वांकत नाहीं.

ह्यावरून शुद्धलेखनाचीहि एक किल्ली मिळते. उपसर्गाचें शेवटचें अक्षर आणि शब्दाचें पहिलें अक्षर एकच असेल तर तें दोनदां लिहावें. नसेल तर एकदांच. 'अन्नेसेसरी' ह्यांत आरंभीं 'एन्' दोनदां येतो, 'मिसस्पेल' ह्यांत 'एस्' दोनदां येतो, पण 'डिसअपिअर' ह्यांत 'एस्' एकदांच येतो. उपसर्ग वेगळा काढून पाहण्याची संवय लागली कीं ह्या चुका आपोआप टळतात.

कोणता नकार?

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आपल्या वैयाकरणांनीं संस्कृत नकाराचे सहा अर्थ फार पूर्वींच वेगळे करून ठेवले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. पुण्याचे वामन शिवराम आपटे यांनीं १८९० च्या आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशांत 'अ' ह्या अक्षराखालींच हे अर्थ दिले आहेत. 'अज्ञान' ह्यांत अभाव आहे. 'अनश्व' म्हणजे घोडा सोडून दुसरें कांहीं, हें अन्यत्व. 'अनुदरा' म्हणजे जिला पोट नाहीं ती नव्हे, जिची कंबर बारीक आहे ती, ही अल्पता. 'अकार्य' म्हणजे कार्य नसणें नव्हे, वाईट कार्य, हें अप्राशस्त्य. 'अनीति' ह्यांत विरोध आहे. संस्कृतांत एकच उपसर्ग हीं सर्व कामें करतो, आणि अर्थ संदर्भावरून ओळखावा लागतो. इंग्रजीनें हीं कामें बऱ्याच अंशीं निरनिराळ्या उपसर्गांस वांटून दिलीं आहेत.

'नॉन' हा थंड स्वभावाचा उपसर्ग आहे. तो निंदा करीत नाहीं; केवळ वर्ग सांगतो. 'नॉनह्यूमन' म्हणजे मनुष्येतर: गाय, वड, दगड, काय वाटेल तें. पण 'इनह्यूमन' म्हणजे अमानुष, क्रूर. आणि हें विशेषण मनुष्यासच लागतें. गाईला 'इनह्यूमन' म्हणतां येत नाहीं. तसेंच, 'इम्मॉरल' म्हणजे नीतीच्या विरुद्ध वागणारा; 'एमॉरल' म्हणजे ज्यास नीतीचा प्रश्नच लागूं होत नाहीं असा. वादळानें घरें पडलीं तर वादळ 'एमॉरल' आहे. तीं घरें लुटणारा मनुष्य 'इम्मॉरल' आहे.

अभाव आणि विरोध ह्यांतील अंतर दवाखान्यांत फार महत्त्वाचें ठरतें. 'सेप्टिक' म्हणजे जखम कुजविणारें. १८६७ सालीं जोसेफ लिस्टर ह्या शस्त्रवैद्यांनीं कार्बोलिक अ‍ॅसिडानें जखमेंतील जंतूंचा नाश करण्याची आपली रीत प्रसिद्ध केली, ती 'अँटिसेप्टिक'. पुढें असें दिसून आलें कीं, हत्यारें, कपडे व हात आधींच निर्जंतुक ठेवून जंतूंस जखमेपर्यंत येऊंच न देणें अधिक चांगलें. ही 'एसेप्टिक' रीत. पहिलींत शत्रूशीं लढाई आहे, दुसरींत शत्रूला वेशींतच बंदी आहे.

'डिस्' ह्याचा मूळ अर्थ दूर किंवा वेगळें असा आहे. जें होतें तें मोडणें, काढून घेणें, हा त्याचा स्वभाव. 'डिसआर्म' म्हणजे हातांतील शस्त्र काढून घेणें. 'डिसकव्हर' म्हणजे झांकण काढणें, म्हणून शोध लावणें. ज्यास रोग म्हणतात तो 'डिझीज' म्हणजे 'ईझ', स्वस्थता, हिरावली जाणें. आपण अस्वस्थ म्हणतों तेंच. 'मिस्' हा चुकीचा किंवा वाईट रीतीचा वाचक आहे. 'मिसअंडरस्टँड' म्हणजे न समजणें नव्हे. समजलें, पण भलतेंच समजलें. न समजलेला विद्यार्थी प्रश्न विचारतो. भलतें समजलेला विचारीत नाहीं.

ह्या तिन्ही उपसर्गांचा भेद एका विहिरीवर पाहूं. विहीर नुकतीच बांधून झाली, अद्याप कोणी पाणी भरलें नाहीं, तर ती 'अन्यूज्ड'. पिढ्यान् पिढ्या गांव तेथें पाणी भरीत होता, आतां कोणी फिरकत नाहीं, तर ती 'डिसयूज्ड'. लोक तींत केरकचरा टाकतात, तर ती 'मिसयूज्ड'. विहीर तीच, पण उपसर्ग बदलला कीं तिची कहाणी बदलते.

अलीकडे वृत्तपत्रांतून दोन शब्द वारंवार येतात: 'मिसइन्फर्मेशन' आणि 'डिसइन्फर्मेशन'. पहिला म्हणजे चुकीची माहिती. ती सांगणाऱ्याचा हेतु वाईट असेलच असें नाहीं. दुसरा म्हणजे फसविण्याच्या हेतूनें मुद्दाम पसरविलेली खोटी माहिती. एकांत चूक आहे, दुसऱ्यांत कपट आहे. कोणाचें बोलणें खोटें ठरलें म्हणजे त्यास ह्यांपैकीं कोणता शब्द लावावयाचा, हा केवळ भाषेचा प्रश्न नसून न्यायाचाहि आहे. तसाच न्यायाधीशाविषयींचा भेद. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा, म्हणजे निकालांत त्याचा स्वतःचा स्वार्थ नसावा. परंतु तो 'अनइंटरेस्टेड' असूं नये, म्हणजे खटल्याकडे दुर्लक्ष करणारा नसावा. निःस्वार्थी न्यायाधीश हें प्रजेचें भाग्य. झोपाळू न्यायाधीश हें प्रजेचें दुर्दैव.

घरच्या 'अन्' विषयीं एक गोष्ट राहिली. विशेषणापूर्वीं येणारा 'अन्' आणि क्रियापदापूर्वीं येणारा 'अन्' हे दिसावयास एक असले तरी मुळांत दोन आहेत. 'अन्टाय' म्हणजे न बांधणें नव्हे. बांधलेली गांठ सोडणें. 'अन्लॉक' म्हणजे लाविलेलें कुलूप उघडणें. म्हणून 'अन्लॉकेबल' ह्या एका शब्दाचे दोन अर्थ होतात: ज्यास कुलूप लावतांच येत नाहीं असें दार, आणि ज्याचें कुलूप उघडतां येतें असें दार. एका दारांत कुलूपच नाहीं, दुसऱ्यास कुलूप आहे पण किल्लीहि आहे!

फसवे शब्द

आरंभीं 'इन्' दिसला कीं तो नकारच, असेंहि समजूं नये. लॅटिनांत 'आंत' ह्या अर्थाचा दुसरा एक 'इन्' आहे. 'इनहॅबिट' म्हणजे राहणें, वस्ती करणें. निर्जन बेटास 'अनइनहॅबिटेड' म्हणावें लागतें. ह्या जातीचा सर्वांत धोक्याचा शब्द म्हणजे 'इन्फ्लॅमेबल'. 'फ्लेम' म्हणजे ज्वाला, तेव्हां 'इन्फ्लॅमेबल' म्हणजे न पेटणारें, असा तर्क कोणी केला तर तो जिवावर बेतेल. हा शब्द 'इन्फ्लेम', म्हणजे पेटविणें, ह्यापासून झाला आहे. अर्थ चटकन् पेट घेणारें. पेट्रोलच्या टांकीगाडीवर मराठींत 'ज्वालाग्राही' असें लिहितात तें ह्यासच. लोकांची अशी फसगत होऊं नये म्हणून अमेरिकेंतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ह्या संस्थेनें १९२० नंतरच्या दशकांत 'इन्फ्लॅमेबल' सोडून 'फ्लॅमेबल' असें लिहिण्याचा आग्रह धरला. गंमत अशी कीं, दोहोंचा अर्थ एकच आहे.

'इन्व्हॅल्युएबल' ह्याची तऱ्हा आणखी निराळी. ह्यांतील 'इन्' खरोखरच नकारार्थी आहे. तरी शब्दाचा अर्थ कवडीमोल असा नाहीं. ज्याची किंमत करतां येत नाहीं, इतकें तें मोठें. मराठी मुलास हें समजावून सांगावयास नको, कारण अमोल किंवा अमूल्य हे शब्द त्याच्या घरचेच आहेत. अनुत्तम ह्या संस्कृत शब्दाचाहि अर्थ ज्याहून उत्तम दुसरें नाहीं असा होतो. नकार प्रत्येक वेळीं शब्दाला खालीं ओढतोच असें नाहीं. कधीं तो त्यास शिखरावर नेऊन बसवितो.

कांहीं शब्दांतला नकार तर आतां कोणास दिसतहि नाहीं. 'इन्फंट' म्हणजे मूळ लॅटिनांत न बोलणारा. मग इन्फंट वर्गांत कितीहि गलबला असो! 'एनिमी' हा शब्द 'इन्' आणि मित्रवाचक 'अमिकस' ह्यांपासून झाला. आपल्या अमित्र शब्दाप्रमाणेंच त्याचा अर्थ केवळ मित्र नसलेला असा न होतां शत्रु असा झाला. 'अ‍ॅटम' म्हणजे ग्रीकांत ज्याचे तुकडे करतां येत नाहींत तें. १८९७ सालीं जे. जे. थॉमसन यांनीं इलेक्ट्रॉनचा शोध लाविला आणि अ‍ॅटमलाहि अवयव आहेत हें कळून आलें. १९३८ च्या अखेरीस ऑटो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान यांच्या प्रयोगांनीं युरेनियमच्या अ‍ॅटमचें केंद्र दुभंगतें हेंहि सिद्ध झालें. नकार खोटा ठरला, नांव मात्र राहिलें.

माणसास लागणारा नकार

शेवटीं ज्या गोष्टीसाठीं हा विषय मुलांनीं व पालकांनींहि मनावर घ्यावा असें वाटतें, ती सांगतों. आपल्या देशाच्या इतिहासांत नकारार्थी उपसर्गांनीं मोठीं कामें केलीं आहेत. महात्मा गांधींनीं १९२० सालीं 'नॉन-कोऑपरेशन' सुरू केलें आणि १९३० सालीं 'सिव्हिल डिसओबीडियन्स'. पहिल्यांत 'नॉन' आहे: सरकारला जें साहाय्य आपण देत होतों तें द्यावयाचें नाहीं. दुसऱ्यांत 'डिस्' आहे: कायदा आहे, तो उघडपणें मोडावयाचा, आणि शिक्षाहि आनंदानें सोसावयाची. मराठींत पहिल्यास असहकार आणि दुसऱ्यास कायदेभंग म्हटलें गेलें. एकास 'अ' आणि दुसऱ्यास 'भंग'! हा भेद किती अचूक टिपला गेला आहे!

पण ह्याच उपसर्गांनीं माणसांवर अन्यायहि झाला आहे. 'अन्टचेबल', म्हणजे अस्पृश्य, हा शब्द पाहा. 'एबल' ह्या प्रत्ययाचे दोन अर्थ होतात: करतां येण्याजोगें, आणि करण्यास योग्य. आपल्या स्पृश्य शब्दांतील 'य' चेहि तेच दोन अर्थ आहेत. ज्यास शिवतां येत नाहीं असा माणूस ईश्वराच्या सृष्टींत नाहीं. कांहीं माणसांनीं इतर माणसांविषयीं 'शिवूं नये' असा नियम केला. आणि शब्द मात्र असा घडला कीं तो दोष जणूं त्या माणसाच्या अंगांतच आहे. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्याले, तेव्हां त्यांनीं हेंच दाखवून दिलें कीं, हा नकार निसर्गाचा नव्हे, मनुष्यानें लादलेला आहे. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या भारताच्या संविधानाच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली व तिचें आचरण गुन्हा ठरविलें.

तीच दृष्टि 'अनएज्युकेटेड' ह्या शब्दाकडे लावा. अशिक्षित हें जन्मतः येणारें लक्षण नव्हे. हें भूतकालवाचक धातुसाधित आहे. न शिकविलेला, असा त्याचा अर्थ. व्याकरणच येथें विचारतें: कोणी शिकविलें नाहीं? 'अन्पेड' मजुराविषयीं: कोणी मजुरी दिली नाहीं? 'अन्वाँटेड' मुलाविषयीं: कोणास तें नको झालें? अशा शब्दांत उपसर्ग एका माणसाला चिकटलेला दिसतो, पण त्याचें कारण बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी दारांत उभें असतें. एखाद्यावर असा शब्द फेंकण्यापूर्वीं तें दार शोधावें, आणि कदाचित् तें आपलेंच असेल, हेंहि विसरूं नये.

अभ्यासासाठीं कांहीं प्रश्न देतों. पालकांनीं मुलांबरोबर बसून ते सोडवावे.

१. 'अन्क्वालिफाइड' आणि 'डिसक्वालिफाइड' ह्या दोन उमेदवारांत भेद काय?

२. 'अन्आर्म्ड' शिपाई आणि 'डिसआर्म्ड' शिपाई एकच काय?

३. 'मिसप्लेस्ड' पुस्तक आणि 'डिसप्लेस्ड' कुटुंब ह्यांत उपसर्गांचा अर्थ सांगा.

४. 'इम्प्युअर', 'इम्पोर्ट', 'इम्पेशंट', 'इम्प्रिझन' ह्यांपैकीं कोणत्या शब्दांत नकार आहे आणि कोणत्यांत नाहीं?

५. बेजबाबदार, गैरहजर, नापास, बिनचूक, निकामी ह्या मराठी शब्दांतील उपसर्ग वेगळे काढा. ह्यांपैकीं कोणता शब्द माणसाची स्तुति करतो?

कोश जवळ ठेवावा. पण तो उघडण्यापूर्वीं क्षणभर थांबून, हा कोणता नकार, हें स्वतःस विचारावें. ज्यास हा प्रश्न विचारण्याची संवय लागली, त्याचें इंग्रजी सुधारेल. आणि दुसऱ्या माणसाविषयीं बोलतांना त्याची जीभहि जपून चालेल.